यादी तुमचीच आहे ना?

तिसावा वाढदिवस जवळ आलाय? मग आधी एक गंमत ऐका. २०१४च्या राष्ट्रीय युवा धोरणानं १५ ते २९ या वयोगटाला 'युवा' म्हटलंय. म्हणजे तिशीचा केक कापला, की त्या धोरणाच्या हिशेबात तुम्ही तरुण उरत नाही! त्याआधीच्या, २००३च्या धोरणात हीच मर्यादा ३५ होती. माणसं तीच, वय तेच. रेघ तेवढी सहा वर्षं अलीकडे आली.

हे सांगायचं कारण म्हणजे, तिशीच्या तोंडावर आपल्यापैकी बरेच जण अशीच एक रेघ उराशी धरून बसलेले असतात. ती आपणच कधीतरी मारलेली असते. कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला, वहीच्या मागच्या पानावर. वर लिहायचं 'तिशीच्या आत' आणि खाली एक, दोन, तीन करत आकडे टाकायचे. पोस्ट काढायची. पुण्यात स्वतःचा फ्लॅट. बुलेटवरून लडाख. कळसूबाई. एकदा तरी आळंदी ते पंढरपूर पायी वारी. आईबाबांना विमानात बसवायचं. एक पुस्तक लिहायचं.

आणि आता तिशी उंबऱ्यावर आल्यावर दिसतं, की दहातल्या जेमतेम तीन गोष्टी झाल्यात. त्यातली एक कळसूबाई! बरोबरीच्या कुणीतरी फ्लॅटच्या दारातला जोडीनं काढलेला फोटो टाकलेला असतो. तो बघून रात्रभर झोप लागत नाही.

अशा वेळी आपण दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर 'तेव्हा अक्कल नव्हती' म्हणून यादी फेकून देतो. नाहीतर 'तिशी' खोडून तिथे 'चाळिशी' लिहितो आणि तीच यादी पुढे ढकलतो. दोन्हींत एक गोष्ट राहूनच जाते. आपण ती यादी नीट वाचतच नाही.

वाढदिवसाआधी एकदा ती वाचा. हातात पेन घेऊन. आणि प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : ही मुदत खरी आहे, की मनातली?

काही मुदती खऱ्याच असतात. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न, ओबीसींसाठी ३५ वर्षं आणि नऊ प्रयत्न. हे जाहिरातीत छापलेलं असतं, त्यावर वाद घालून उपयोग नाही. पण फ्लॅट, लडाख, वारी, पुस्तक यांची जाहिरात कुठल्या आयोगानं काढली होती? 'तिशीच्या आत लग्न' ही तर नातेवाइकांची जाहिरात! आणि काही दारं तिशीनंतरच उघडतात हेही लक्षात ठेवा. राज्यसभा किंवा विधान परिषदेची निवडणूक लढवायला किमान वय ३० लागतं. घ्या, एक नवी ओळ लिहायची तर लिहा.

एमपीएससीवाल्यांसाठी मात्र गोष्ट उलटी आहे. राज्यसेवेची खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २०१६मध्ये ३३वरून ३८ झाली. चांगलंच झालं, अनेकांना संधी मिळाली. पण त्याचा अर्थ असाही होतो, की तिशीला तुम्हाला कुणी थांबवणार नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतली खुर्ची अजून आठ वर्षं तुमची वाट बघू शकते. नियम जिथे थांबवत नाही, तिथे थांबायचं की नाही हे आपल्यालाच ठरवावं लागतं. आणि ते जास्त अवघड असतं.

दुसरा प्रश्न : ही ओळ कुणाची आहे?

माधुरी दीक्षितचा पहिला मराठी सिनेमा आठवतो? २०१८चा 'बकेट लिस्ट'. तिच्यात दुसऱ्या एका मुलीचं हृदय बसवलेलं असतं आणि ती त्या मुलीची अपुरी राहिलेली यादी पूर्ण करायला निघते. सिनेमात ते छान वाटतं. खऱ्या आयुष्यात मात्र आपल्यापैकी कितीतरी जण असंच दुसऱ्याच्या यादीवर टिकमार्क करत फिरत असतात. बाबांचं राहून गेलेलं इंजिनिअरिंग. मामाच्या मुलानं घेतली म्हणून घ्यायची चारचाकी. रूममेटनं फॉर्म भरला म्हणून आपणही भरलेला फॉर्म. दुसऱ्याची इच्छा पूर्ण करण्यात वाईट काहीच नाही. आईबाबांना विमानात बसवायचं ही ओळ तर अजिबात खोडू नका. पण ती आपण आनंदानं करतोय, की केली नाही तर घरी तोंड कसं दाखवू म्हणून करतोय, एवढं स्वतःला विचारा.

तिसरा प्रश्न सगळ्यात टोचणारा : गेल्या वर्षभरात यासाठी मी काय केलं?

'उशीर कधीच होत नाही' असं सांगताना डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण हमखास दिलं जातं. कान-नाक-घशाचे सर्जन असलेले लागू १९६९मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्ण वेळ नट झाले. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. खरंच आहे ते. पण त्यातला अर्धा भाग आपण सोयीनं गाळतो. लागूंनी चाळिशीपर्यंत नाटकाची नुसती वाट पाहिली नव्हती. वैद्यकीचं शिक्षण, मग प्रॅक्टिस हे सगळं सांभाळत ते कित्येक वर्षं पुण्यात नाटकं करतच होते. १९६९मध्ये त्यांनी नाटक सुरू केलं नाही, नोकरी-व्यवसायाची बाजू सोडली. म्हणून यादीतल्या ज्या ओळीसाठी तुम्ही वर्षभरात चार पानं लिहिलीत, दोन रविवार दिलेत, पाच हजार रुपये बाजूला टाकलेत, ती ओळ जिवंत आहे. तिला वयाची भीती दाखवू नका. आणि जिच्यासाठी काहीच केलं नाही, ती ओळ नाही, आठवण आहे.

हे सगळं करताना स्वतःला थोडी सवलतही द्या. आज तिशीच्या आसपास असलेल्यांची ऐन पंचविशी कोविडमध्ये गेली. नोकऱ्या गेल्या, लग्नं लांबली, परीक्षा लटकल्या. १४ मार्च २०२१ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा अवघे तीन दिवस उरले असताना पुढे ढकलली गेली आणि पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती. ती रात्र तुमच्यापैकी काहींनी तिथेच काढली असेल. वहीच्या मागच्या पानावर यादी लिहिताना हे कुणाच्या हिशेबात होतं? तेव्हा निकाल लावताना ही दोन वर्षं स्वतःच्या नावावर नापास म्हणून लिहू नका.

आता खरी अडचण. समजा तिन्ही प्रश्न विचारून झाले आणि एक ओळ खोडायची ठरली. ती खोडणं एकवेळ सोपं. घरी सांगणं अवघड. गावाकडून दर महिन्याला पैसे येतायत. 'आमचा पोरगा पुण्याला साहेब व्हायला गेलाय' हे बाबांनी पारावर सांगून ठेवलंय. 'आमची ताई पुढच्या वर्षी नक्की निघणार' असं आई म्हणते. त्यांना 'मी थांबतोय, मी थांबतेय' कसं सांगायचं? म्हणून पुष्कळ जण आणखी एक वर्ष काढतात. परीक्षेसाठी नाही, तो फोन टाळण्यासाठी.

तो फोन करा. शक्य असेल तर फोन नको, गाडी पकडा आणि समोर बसून बोला. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. 'हे सोडतोय' याच्या जोडीला 'आणि पुढच्या महिन्यापासून हे करतोय' असं एक वाक्य तयार ठेवा. मोठं काही नको; नोकरीचे दोन अर्ज, एक कोर्स, काकांच्या दुकानातले सहा महिने, काहीही. घरच्यांना धक्का बसेल, चार दिवस अबोला होईल. पण मुलगा किंवा मुलगी एकटीच कुढतेय हे उशिरा कळण्याचा धक्का त्याहून मोठा असतो, हे कुठल्याही आईला विचारा.

आणि उरलेल्या ओळी? त्या नव्या कागदावर उतरवा. दहा नकोत, तीन पुरेत. वर 'चाळिशीच्या आत' लिहू नका. त्याऐवजी प्रत्येक ओळीपुढे या महिन्यात काय करणार ते लिहा. वारीला जायचंय, तर रोज सकाळी चालायला कधी निघणार? पुस्तक लिहायचंय, तर पहिलं पान कोणत्या रविवारी?

वाढदिवसाला केक कापालच. त्याआधी एखादी संध्याकाळ काढून ही यादी कापून घ्या. जी शिल्लक राहील ती तुमची.