माळ्यावरची लाल मोटार

दिवाळीच्या तोंडावर माळा आवरायला काढला की त्यातून काय काय निघतं, हे तुम्हांला मी नव्यानं सांगायला नको. तुटका पाळणा, कुणाकुणाची लग्नपत्रिका, झाकण हरवलेले डबे! गेल्या दिवाळीत आमच्या माळ्यावरून या सगळ्याबरोबर एक चपटं खोकंही खाली आलं. वर लाल चिमुकल्या मोटारीचं झोकदार चित्र. आत मात्र मोटार नव्हती, होते तिचे सुटे भाग. त्यातले काही जोडलेले, काही तसेच.

हे खोकं आमच्या दिरांनी आदल्या उन्हाळ्यात पुण्याहून माझ्या मोठ्याला आणलं होतं. तेव्हा तो आठवीत गेला होता. जपानमधल्या शिझुओका शहरातली तमिया नावाची कंपनी असे संच बनवते. १९४६ साली लाकडाच्या व्यवसायातून ही कंपनी सुरू झाली, मग लाकडी खेळणी-नमुने करू लागली आणि १९६० पासून प्लास्टिककडे वळली. संचातली मोटार होती माझदाची दोन आसनांची स्पोर्ट्स कार. खरी मोटार १९८९ साली बाजारात आली आणि २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या. सासूबाईंनी चित्र पाहून विचारलं होतं, “दोघांचीच जागा? टप नाही, सामान ठेवायला जागा नाही, अन् नुसतं पळायचं? मंग हा तर शंकरपटाचा छकडाच झाला की बापा!” स्पोर्ट्स कारची याहून नेमकी व्याख्या मला अजून कुठे सापडलेली नाही.

चिरंजीवांनी पहिले चार दिवस जेवणाखाण्याचं भान सोडून काम केलं. पाचव्या दिवशी खोकं बंद झालं ते झालंच. मी दोनदा विचारलं, “अरे, मोटारीचं काय झालं?” “करीन नंतर,” एवढंच उत्तर. पुढे एका बारशाला आम्ही यवतमाळला गेलो होतो. तिथे त्याच्या मामीनं कौतुकानं मोटारीची चौकशी केली, तर मी चारचौघींत बोलून गेले, “कसली मोटार घेऊन बसलात! आमचं हे ध्यान म्हणजे नुसतं धरसोडीचं. एक काम पुरं करील तर शपथ!” सगळ्या हसल्या. तोही हसला आणि उठून बाहेर गेला. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. आपण आईपणाच्या हक्कानं असं किती बोलत असतो!

तर आता माळ्यावरून आलेलं ते खोकं मी दुपारी निवांतपणे उघडलं. मोटारीच्या वरच्या भागाला लाल रंग दिलेला होता, पण दाराजवळ रंगाचे तीन ओघळ येऊन वाळले होते. सगळ्यांत तळाशी वर्तमानपत्राच्या कागदात तीन-चार घड्या घालून काहीतरी गुंडाळलेलं होतं. सोडून पाहिलं तर ती समोरची काच. दुधाळ, धुरकट झालेली, आणि तिच्यावर पुसायचा प्रयत्न केल्याचे बोटांचे ठसे.

मी तशीच बसून राहिले. फेकायचीच असती तर काच त्यानं फेकून दिली असती. पण ती लपवली होती. अगदी तळाशी.

मैत्रिणींनो, मी शाळेत अर्धवेळ शिकवते. सहावीतल्या एका मुलीची गणिताची वही दर महिन्याला अर्धीच असायची. मी आळशी म्हणून तिला उभं करायची. एकदा जवळ बसवून पाहिलं तर प्रत्येक वेळी वही भागाकाराशी येऊन थांबत होती. बाईंपुढे चुकीचं गणित ठेवण्यापेक्षा कोरी वही ठेवणं तिला सोपं वाटत होतं. हे मला वर्गात कळलं होतं आणि घरात मात्र कळलं नव्हतं! स्वतःकडेच बघा ना. आपलं अर्धं विणलेलं स्वेटर पेटीत पडून राहतं, ते वेळ नसतो म्हणून का? बहुतेक वेळा मागे कुठेतरी एक टाका सुटलेला असतो आणि तो उघडून बघायची छाती होत नसते.

आणि याच मुलानं तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, पहिलीत असताना, तीन दिवस बसून स्वतः रंगवला होता. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो नंदी दोरीनं ओढत आमच्या बाभुळगावात घरोघर फिरला होता. त्या मुलाला मी धरसोड्या म्हणाले होते.

संध्याकाळी तो शाळेतून आला. टेबलावर खोकं बघून त्याचा चेहराच उतरला. “कशाला काढलं ते? टाकून दे.”

मी विचारलं, “काच कशानं धुरकटली रे?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “झटपट चिकटणारा गोंद लावला होता. सकाळी बघतो तर अशी झालेली. काकांनी एवढ्या दुरून आणलं अन् मी पैसे पाण्यात घातले, असं बाबा म्हणतील वाटलं.”

मी म्हटलं, “मी त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला धरसोड्या म्हणाले ना, ते चुकलंच माझं.”

तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं मोरीतून दात घासायची पेस्ट घेऊन आला आणि म्हणाला, “यानं काच निघते म्हणतात. बघू?”

आता इथून पुढचं तुमच्यासाठी. तुमच्याही घरी कुणाला असा संच आलेला असेल, किंवा यायचा असेल. आम्ही दोघांनी महिनाभर रोज अर्धा तास बसून जे शिकलो, ते सांगते.

आधी काचेचं. झटपट गोंदाची वाफ पारदर्शक भागावर पांढरी बसते. पण ती वरवर असते. दोन हजार नंबरचा बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं घासला, मग जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर पेस्ट घेऊन गोल गोल पुसलं, धुतलं. चार-पाच वेळा केल्यावर काचेतून समोरचं दिसायला लागलं. काच परत बसवायला साधा पांढरा फेविकॉल वापरला. तो वाळल्यावर दिसत नाही आणि काचेला धुरकटवतही नाही. बाकीचे भाग जोडायला खास प्लास्टिकचा सिमेंट मिळतो. तो दोन्ही कडा जराशा विरघळवून एकजीव करतो. म्हणून तो ब्रशाच्या टोकानं थेंबभरच लावायचा, आणि खिडकी उघडी ठेवून.

सुटे भाग एका चौकटीला बोरीच्या फांदीला बोरं लागावीत तसे लागलेले असतात. ते हातानं मोडायचे नाहीत. आधी कटरनं जरा लांबून कापायचे आणि उरलेला खुंट नखं घासायच्या कानशीनं सपाट करायचा. धारदार पातं मुलांच्या हाती एकटं देऊ नका. आणि एक फार महत्त्वाचं. नेलपॉलिश काढायचं पाणी या कामात जवळही आणायचं नाही. त्यानं हे प्लास्टिकच विरघळतं. कुठलंही नवं द्रव्य वापरायचं तर रिकाम्या झालेल्या चौकटीवर आधी लावून बघावं.

ओघळ का आले? एकदम जाड रंग दिला म्हणून! भिंतीला रंगाचे हात देतो तसंच इथेही. पातळ हात, मधे थांबणं, पुन्हा पातळ हात. जुने ओघळ एक हजार आणि मग दीड हजार नंबरचा पेपर पाण्यात भिजवून घासून काढले आणि आधी अस्तराचा, मग लाल रंगाचा हात दिला. फवाऱ्याचा डबा वीतभर लांब धरायचा, हात सतत सरकता ठेवायचा, आणि चुलीपासून दूर, अंगणात, नाकाला रुमाल बांधून. आपल्याकडच्या हवेचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात रंग भागावर पोचायच्या आधीच वाळतो आणि खरखरीत बसतो. पावसाळ्यात दमटपणामुळे त्यावर पांढुरकी झाक येते. कार्तिकातली सकाळ सगळ्यांत चांगली. रंग दिल्यावर धूळ बसू नये म्हणून आम्ही वर मोठं पातेलं उपडं घातलं होतं. बारीक भाग दातकोरण्यांच्या टोकाला लावून त्या काड्या अर्ध्या बटाट्यात खोचायच्या. सगळे भाग उभे राहतात आणि रंग सगळीकडून देता येतो. त्या दिवशी भाजीला एक बटाटा कमी पडला, तो भाग वेगळा.

खरी मजा पुढे आहे, बारीकसारीक सजावटीत. हा नमुना खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्शाचा असतो. म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. जवळजवळ चार मीटर लांबीची मोटार इथे साडेसोळा सेंटीमीटर होते. मी चिरंजीवांना विचारलं, “मग सीटबेल्ट केवढा हवा?” खऱ्या मोटारीचा पट्टा त्यानं फूटपट्टीनं मोजला, साधारण ४८ मिलिमीटर. भागिले चोवीस, दोन मिलिमीटर. चिकटपट्टीला काळा रंग देऊन तेवढ्या रुंदीचे दोन पट्टे कापले आणि आसनांवर लावले. बघा, भागाकार असा शिकवला तर कुठलं पोर वही कोरी ठेवील?

पायाखालच्या सतरंजीसाठी माझ्या जुन्या काळ्या लोकरीचा धागा कात्रीनं अगदी बारीक चुरला, फेविकॉलचा पातळ थर देऊन त्यावर भुरभुरला, वाळल्यावर उलटं करून झटकलं. हुबेहूब गालिचा! दारांच्या फटी उठून दिसाव्यात म्हणून काळा जलरंग पाण्यात पातळ करून त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला, तो फटींतून फिरवला आणि वरचा ओल्या फडक्यानं पुसून घेतला. डोळ्यांत काजळ घातलं की चेहरा उठतो ना, तसं झालं. नंबरपाटीची आणि नावाची चित्रं टिकलीसारखी सोलून लावायची नसतात. कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून, कागदावरून बोटानं हळूच सरकवून जागेवर न्यायची.

आमच्याकडचे ‘हे’ एकदा म्हणाले, “एवढ्या पैशांत तयार मोटार आली असती.” मी म्हटलं, “तयार स्वेटरही मिळतं की बाजारात. मी विणलेलं मग कशाला घालता?” त्यावर गप्प बसून चष्मा लावून तेच टायर बसवू लागले, आणि एक टायर उलटा बसवला! चिरंजीवांनी काही न बोलता काढून पुन्हा सरळ बसवला. त्याला हसू आवरत नव्हतं, आणि यांनाही.

सगळं काही निर्मळ झालं असं मात्र नाही. काचेच्या उजव्या कोपऱ्यात बोराएवढा नाही, पण मोहरीएवढा एक पांढुरका डाग राहिला, तो काही केल्या जाईना. मी सुचवलं, “तिथे एखादं इवलंसं लेबल चिकटवू. खऱ्या मोटारींना असतातच.” तो काच उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “राहू दे.”

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याची मामी यवतमाळहून आली होती. दर्शनी कपाटात, काचेआड, नंदीच्या शेजारी उभी असलेली लाल मोटार बघून ती थबकली. “अगं बाई, झाली का पुरी?” मी उत्तर द्यायच्या आत चिरंजीव पुढे झाले. कपाट उघडून मोटार तळहातावर घेतली आणि म्हणाले, “मामी, हा डाग दिसतो का? इथे मी झटपट गोंद लावला होता. तो लावायचा नसतो.” मग रंगाचे हात, बटाटा, काजळ, सगळं त्यानं तिला उभ्याउभ्या सांगितलं. तिळगूळ हातात तसाच धरून ती ऐकत होती.

अशी मोटार घरात आली तर तिला झटकणीनं झोडपू नका, रंगाच्या मऊ ब्रशानं धूळ काढा. उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, रंग उडतो. आणि तुमच्याही माळ्यावर कुणाचं तरी काही अर्धं राहिलेलं असेल, तर बोलण्याआधी खोकं उघडा आणि तळाशी काय गुंडाळून ठेवलंय ते बघा. मी मात्र आता माझ्या पेटीतलं स्वेटर काढणार आहे. बाहीच्या घट्टीशी टाका सुटलाय, मला ठाऊक आहे!