उंबरठ्याच्या अलीकडे

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियमवर मराठी साहित्य संमेलन चालू होतं आणि नोएडाहून एका वाचक ताईंचा फोन आला. त्यांना संमेलनाचं काही विचारायचं नव्हतं. धाकटा भाऊ पितो, नोकरी गेली, बायको माहेरी निघून गेली. चांगला डॉक्टर सांगा, म्हणाल्या. मी सांगितलं, आधी गाझियाबादला एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्रात दाखवा. मग अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकीला, पाठवत राहा. तुमच्या जवळची एका चर्चच्या आवारात भरते.

पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "चर्चमध्ये? बाबा नाही म्हणतील हो. उद्या बाटवलं तर?"

हा प्रश्न वर्षभर माझ्या मनातून गेलेला नाही. मे महिन्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले, जुलैत शिवरायांचे गड जागतिक वारसा यादीत आले, महाराष्ट्राने दारूवरचं शुल्क वाढवलं. त्या सगळ्यावर या दिवाळी अंकात लेख आहेत. मला मात्र या भीतीबद्दलच लिहायचं आहे.

भीतीचं मूळ खोटं नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. बॉब हा सर्जन एकमेकांना भेटले, आणि त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झाली. दोघेही दारूने खंगलेले. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत जाणारे. आपल्या दोषांची झडती घ्यायची, ते दुसऱ्या माणसापुढे बोलून दाखवायचे, ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दारात जाऊन भरपाई करायची, हे सगळं तिथून आलं. पण १९३९ मध्ये दारूतून बाहेर पडण्याच्या बारा पायऱ्या छापताना त्यांनी ख्रिस्ताचं नाव त्यात घातलं नाही. देव ज्याचा त्याने ठरवायचा, असं ठेवलं. ही चळवळ भारतात आली तीही आपल्या दिल्लीतून, कॅनडाहून इथे कामाला आलेल्या एका सभासदाच्या खटपटीने, १९५७ मध्ये. चर्च तिला खोली देतं. खोलीत धर्म कुणी विचारत नाही, आडनावही नाही.

वांद्र्याचे फादर जो परेरा यांची गोष्ट तर प्रत्येक मराठी घरात सांगायला हवी. ते धर्मगुरू होते आणि दारुडेही होते. अंगावरचा झगा आणि रोजची प्रार्थना त्यांना वाचवू शकली नाही. आपल्यासारख्याच पिणाऱ्यांपुढे बसून "माझं माझ्या हातात राहिलेलं नाही" हे कबूल केल्यावर ते सावरले. मग १९८१ मध्ये माउंट कार्मेल चर्चच्या आवारात त्यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. तिथे बारा पायऱ्यांच्या जोडीला काय शिकवतात? योगासनं. फादर पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. चर्चच्या अंगणात पुण्याचा योग शिकत व्यसनी माणसं उभी राहतात, यात कोण कुणाला बाटवतो?

आपल्याला तरी हे नवं कुठे आहे? गावाकडे "माळ घातली आणि सुटली" हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. तुळशीची माळ गळ्यात पडली की माणूस गुत्त्याकडे पाठ फिरवतो, आणि सांभाळायला दिंडीतली माणसं असतात. माळेचं बळ आपल्याला कळतं. मग मीटिंगचं का कळू नये? नुसत्या इच्छाशक्तीवर सोडू पाहणारा एकटाच झगडतो. मीटिंगमधला माणूस फक्त आजचा दिवस सांभाळतो, आणि मधेच पुन्हा प्यायला तरी परत येतो, कारण तिथे त्याची खुर्ची कुणी उचललेली नसते.

दुसऱ्या बाजूचाही मला तितकाच राग आहे. डोक्यावर हात ठेवला की सुटते, गोळ्या फेकून द्या, असं सांगणारे कोणत्याही धर्माचे असोत, ते जिवाशी खेळतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर फिट येते, भ्रम होतो, मृत्यूही येऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग मीटिंग, आणि पुढे दोन्ही. श्रद्धा औषधाची जागा घेत नाही. औषध शरीर सावरतं, पण रिकामी संध्याकाळ भरत नाही. ती भरायला माणसं लागतात.

गाझियाबादच्या त्याच केंद्राने २०१९ च्या अहवालात सांगितलं की दारूच्या समस्येसाठी मदत लागणारे देशात ५.७ कोटी लोक आहेत. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतो. त्या उरलेल्या ३७ जणांची घरं दिवाळीत कशी असतील? दिल्लीत तर दिवाळी म्हणजे तीन पत्तीचे डाव आणि प्रत्येक दाराशी पुढे केलेला ग्लास. नुकत्याच सोडलेल्या माणसाला हे चार दिवस वर्षातले सगळ्यात जड जातात.

यंदाच्या अंकाचा विषय 'उंबरठा' ठरला तेव्हा मनात वाडे होते, सुना होत्या, देशांतर होतं. चर्चच्या बाजूच्या खोलीचा उंबरठा माझ्या डोळ्यांसमोर त्या फोनमुळे आला.

दसऱ्याला ताईंचा पुन्हा फोन आला. बाबांचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मीटिंग कोणत्या वारी असते, एवढंच त्यांना हवं होतं. मी वार सांगितला, वेळ सांगितली. त्यांनी दोन्ही लिहून घेतलं.