आधी ओळख, मग शिस्त

गेल्या महिन्यात पंधरा दिवस बालाघाटला आईकडे होतो. चार वर्षांचे आमचे चिरंजीव सोबत. ‘तो मुलांना ढकलतो’ ही त्याच्या शाळेची तक्रार डोक्यात होतीच.

शेजारच्या मुलांबरोबर तो अंगणवाडीत जाऊ लागला आणि पहिल्याच दिवशी एका मुलीला ढकलून मोकळा झाला. मी रागावून पुढे गेलो, तर ताईंनी हातानेच थांबवलं. आधी रडणाऱ्या मुलीला जवळ घेतलं. मग याच्याजवळ खाली बसून विचारलं, “तुला घरी काय म्हणतात रे?” दुसऱ्या दिवशी दारातच त्या नावाने हाक मारली आणि ताटल्या वाटायचं काम दिलं. आठवडाभरात ढकलणं बरंच कमी झालं. अगदी थांबलं नाही.

खोलीत पंचवीसेक मुलं, शिवाय पोषण आहार आणि नोंदवह्या. “एकेकासाठी वेळ कुठून काढता?” मी विचारलं.

“दारात अर्धं मिनिट देते. नाही दिलं तर दिवस ओरडण्यातच जातो.”

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तिथली.

मी मात्र लॅपटॉपवरून नजर न काढता ‘असं करू नये’ म्हणत होतो. आता कामाला बसण्याआधी थोडा वेळ त्याच्याजवळ खाली बसतो. शाळेतल्या बाईंनाही त्याचं घरचं नाव सांगून आलोय.