बाग म्हणजे जंगल, सडा म्हणजे पडीक?

रत्नागिरी-राजापूरकडचा सडा तुम्ही मे महिन्यात पाहिलात तर 'इथे काहीच नाही' असंच म्हणाल. काळपट जांभा, वर करपलेलं गवत. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशात खडकाळ, ओसाड जमिनीचा वेगळा वर्ग आहे, त्यात असे कातळ सहज जाऊन बसतात. आता शेजारचीच काजूची बाग बघा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत १ हेक्टरहून मोठ्या जमिनीवर झाडांचं छत १० टक्के किंवा जास्त असलं की झालं वनाच्छादन. मालक कोण, झाडं कुठली, हे विचारायचंच नाही. म्हणजे बाग जंगलाच्या आकड्यात आणि सडा पडीकमध्ये!

यात लबाडी नाही, मुद्दा स्केलचा आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या नकाशात शास्त्रज्ञांनी जगभरची जमीन ८६७ परिसर-प्रदेशांत बसवली. जगाकडे बघताना ते बरोबरच आहे, तिथे सडा दिसायची गरजही नाही. खाली १:५०,००० च्या नकाशावर आलात तर १ सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर. उपग्रहाचा ठिपका २३.५ मीटरचा धरला तर एका ठिपक्यात साडेपाचशे चौरस मीटर जागा मावते, आणि तिला एकच रंग मिळतो.

सड्यावरचा खरा संसार मात्र या ठिपक्याच्या पोटात असतो. जूनमध्ये कातळातले खळगे भरतात. वीतभर मातीत गेंद उगवतो, ओलसर जागी सीतेची आसवं फुलतात. (नाव नाजूक, पण वनस्पती कीटक खाणारी!) दोन पावलांवर उघडा खडक, तिथे वेगळंच गवत. हे सगळं वर्गीकरणात आणायचं तर गुडघे टेकून बसावं लागतं.

बरं, नावाने काय बिघडतं? बिघडतं. 'पडीक' म्हटलेली जमीन वृक्षलागवडीला, सोलर पॅनलला किंवा खाणीला देताना कुणाला फारसं वाईट वाटत नाही. सड्यावर खड्डे खणून झाडं लावली तर कागदावर हिरवाई वाढते, पण खळगे जातात. कासचं पठारही जांभ्याचंच. ते २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेलं. खालच्या सड्यांच्या वाट्याला ते आलं नाही.

इस्रोच्या 'भुवन' पोर्टलवर भू-वापराचा नकाशा फुकट बघता येतो. तुमच्या गावाबाहेरच्या माळाला किंवा सड्याला त्यात काय म्हटलंय ते बघा, आणि ऑगस्टमध्ये एकदा तिथे जाऊन या.