तापट आहे, पण मनाचा चांगला

लग्न ठरवायला बसलेल्या मंडळींत एक वाक्य हमखास उच्चारलं जातं. "मुलगा जरा तापट आहे, पण मनाचा चांगला आहे." मुलाची आत्या ते म्हणते, मध्यस्थ मान डोलावतो, आणि मुलीच्या वडिलांना हायसं वाटतं: दारू नाही, जुगार नाही, तापटच तर आहे! त्या 'जरा'ची किंमत पुढे 40 वर्षं कोणी मोजायची, हा प्रश्न त्या बैठकीत निघत नाही. जिला ती मोजायची आहे, तिला तिथे तोंड उघडायची मुभाही पुष्कळदा नसते.

स्वभाव आपण पाहत नाही असं नाही. आपण तो पत्रिकेत पाहतो. 36 गुणांपैकी 6 गुण एकट्या गणाचे. जन्मनक्षत्रावरून मुलगा देवगणी, मनुष्यगणी की राक्षसगणी हे ठरतं आणि तेवढ्यावर त्याच्या स्वभावाचा निकाल लागतो. 18 गुण जुळले की पुढची बोलणी सुरू. त्याची धाकटी बहीण त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलते का? तो रजेवर गेला की त्याच्या हाताखालच्या माणसांना बरं वाटतं का? कामाला येणाऱ्या मावशींच्या हातून कप फुटला तर तो काय करतो? या चौकशीला खर्च येत नाही, मुहूर्त लागत नाही. तरी ती आपण टाळतो, कारण नको ते उत्तर मिळालं तर जमत आलेलं लग्न मोडावं लागेल.

लोवेल केली या मानसशास्त्रज्ञाने 1930च्या दशकात अमेरिकेत साखरपुडा झालेल्या 300 जोडप्यांचा अभ्यास सुरू केला. 1980पर्यंत त्या संसारांची नोंद ठेवली गेली आणि 1987 साली केली आणि त्यांचे सहकारी कॉन्ली यांनी निष्कर्ष मांडले. संसार मोडण्याशी आणि असमाधानाशी तीन गोष्टींचं नातं ठळकपणे दिसलं. नवऱ्याचं मन किती चटकन चिडतं, धास्तावतं, खचतं. बायकोचं मन किती. आणि तिसरी, नवऱ्याचा स्वतःवरचा ताबा. ती जोडपी परकी, काळ जुना, हे मान्य. पण मांडवातल्या किती जणांना या तीनपैकी एकाही गोष्टीची माहिती असते?

तापट माणसाच्या घरातली संध्याकाळ बघा. फाटकाशी स्कूटरचा आवाज येतो आणि टीव्ही बंद होतो. मुलगा समोर पुस्तक ओढतो. आई गॅस बारीक करून कान देते: चप्पल कशी काढली, किल्ली टेबलावर ठेवली की आपटली. त्यावरून आज शाळेच्या फीचा विषय काढायचा की उद्यावर ढकलायचा, ते ठरतं. या घरात मारहाण होत नाही. शेजारी म्हणतात, सुखी कुटुंब आहे. पण दोघंही रोज एका माणसाच्या मूडवर पहारा देत जगत असतात. तो मुलगा यातून काय शिकतो? घरात ज्याचा आवाज मोठा, तो घराचा मालक. वीस वर्षांनी किल्ली आपटण्याची पाळी त्याची असते.

कचेरीतही तेच. "साहेबांचा मूड कसा आहे?" असं शिपायाला विचारल्याशिवाय फाइल आत जात नाही. चार माणसांसमोर "अक्कल गहाण ठेवली का?" असं ऐकलेला कारकून पुढच्या वेळी चूक लपवायला शिकतो. लपवलेली चूक वाढत जाते आणि तिचे चटके शेवटी खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला बसतात. तरीही निरोपसमारंभात त्याच साहेबांबद्दल "कडक, पण कामाला वाघ" म्हणून टाळ्या वाजतात. त्या टाळ्या वाजवणारे आपणच असतो.

माझा आरोप त्या एका तापट माणसावर नाही, त्याच्याभोवतीच्या आपल्या सगळ्यांवर आहे. हा माणूस मंत्र्यापुढे तापत नाही. बँकेत कर्ज मागताना, पोलीस चौकीत, पोराच्या प्रवेशासाठी संस्थाचालकासमोर त्याचा आवाज खाली असतो आणि हात जोडलेले असतात. म्हणजे रागावर ताबा ठेवणं त्याला उत्तम जमतं. कोणावर ओरडलं तर चालतं, एवढं मात्र त्याला आपण शिकवलेलं आहे. "तोंड मिटून राहा, शांत झाला की सोन्यासारखा आहे," असं सुनेला सांगणारी सासू आणि लेकीला तेच सांगणारी आई, दोघी त्यात सामील आहेत. सत्ता हाती आली की बाईही हेच करते, हे सुनांना आणि हाताखालच्या परिचारिकांना वेगळं सांगायला नको.

2019 ते 2021च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 45 टक्के स्त्रियांनी आणि 44 टक्के पुरुषांनी नवऱ्याने बायकोला मारण्याचं किमान एक तरी कारण योग्य ठरवलं. हात उचलण्यालाच इतकी माणसं माफी देतात, तिथे शब्दांची दाद कोण घेणार? 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने अपमान, टोमणे, मूल नाही म्हणून हिणवणं यांना हिंसाच म्हटलं आहे. कायदा पुढे गेला, बैठकीतली आत्या तिथेच आहे.

आणि 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आता खोटी ठरली आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2017 साली 207 अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला. उपचारांनी स्वभाव बदलतो आणि सर्वांत जास्त फरक भावनिक स्थैर्यात पडतो, असं त्यांना आढळलं. उपचारांचा सरासरी काळ सुमारे 24 आठवडे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी कधीच मराठीत आणून ठेवली आहे. औषध आहे, मराठीत आहे. पण रक्तदाबाची गोळी चारचौघांत घेणारा माणूस रागासाठी समुपदेशकाकडे जायला लाजतो, आणि घरचेही म्हणतात, "वेडा आहे का तो?"

राग मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. फुले रागावले होते, आगरकर रागावले होते. त्यांचा राग बलवानांवर होता आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. बायकोवर, पोरावर, कारकुनावर निघणाऱ्या रागाला त्यांच्या पंगतीत बसवू नका.

आपल्या घरी मुलीचं स्थळ बघणं सुरू असेल, तर पुढच्या बैठकीत "जरा तापट आहे" हे शब्द आले की मान डोलावू नका. तो कोणावर तापतो आणि कोणावर तापत नाही, एवढं स्पष्ट विचारा. उत्तर मिळालं नाही, तर उठून या. मुलाचे आईवडील असाल, तर हा प्रश्न मांडवाआधी आपल्या मुलाला घरीच विचारा.