भूल देण्याआधी सांगायची गोष्ट



गेल्या महिन्यात लामत्याहून एका आजोबांचा फोन आला. सात वर्षांच्या नातीच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी नागपूरला ठरली होती. "डॉक्टरसाहेब, माझी अँजिओग्राफी तर जागेपणीच झाली. मग पोरीला भूल कशाला? आणि वासाची भूल मेंदूला बाधणार नाही ना?"

प्रश्न रास्त आहे. हृदयाच्या अँजिओग्राफीत मोठ्या माणसाची बहुधा सुई टोचायची जागाच बधिर करतात. मेंदूच्या तपासणीत मात्र संगणक आधीचे चित्र नंतरच्या चित्रातून वजा करतो. हाडे पुसली जातात, रक्तवाहिन्या तेवढ्या उरतात. डोके जरा हलले तरी चित्र बिघडते. लहान मूल इतके स्थिर राहत नाही, म्हणून पूर्ण भूल.

वासाच्या भुलीतही निवड असते. पूर्वी ईथर असे. ते पेट घेई, त्यामुळे क्ष-किरण यंत्राजवळ ठिणगीची धास्ती. १९५६ मध्ये न पेटणारे हॅलोथेन वापरात आले, पण त्याने मेंदूतला रक्तप्रवाह आणि कवटीतला दाब वाढतो. आता मुलांना सहसा सेव्होफ्लुरेन देतात. त्याचा वास सौम्य, जागही लवकर येते आणि बेताच्या मात्रेत कवटीतला दाब फारसा वाढत नाही. डेस्फ्लुरेन उग्र असते, मुलांना हुंगवून झोपवायला चालत नाही. नायट्रस ऑक्साइड रक्तात शिरलेला हवेचा बुडबुडा फुगवतो, म्हणून अशा तपासणीत ते बहुधा टाळतात.

मग मी विचारले, "घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?"

आजोबा क्षणभर गप्प. "धाकटा भाऊ हर्नियाच्या ऑपरेशनात गेला. अंग भट्टीसारखं तापलं होतं. आम्ही नशीब म्हणालो."

मंडळी, ते नुसते नशीब नसावे. मॅलिग्नंट हायपरथर्मिया नावाचा दोष घराण्यात उतरतो. हॅलोथेन, सेव्होफ्लुरेन, डेस्फ्लुरेन यांनी अशा माणसाचे स्नायू ताठरतात, ताप झपाट्याने चढतो, जीवही जाऊ शकतो. संशय असेल तर हे वायू टाळून शिरेतून प्रोपोफॉलसारखे औषध देता येते.

आजोबांनी त्याच दिवशी भूलतज्ज्ञांना हे कळवले. तपासणी शिरेतल्या भुलीवर नीट पार पडली.

औषध निवडणे भूलतज्ज्ञाचे काम. घरची हकीकत सांगणे आपले. आजी-आजोबांना आजच विचारा आणि कागदावर लिहून ठेवा.

पुढच्या महिन्यात भेटूच.