जात्यापासून माइकपर्यंत

पॉडकास्ट हा शब्द २००४ सालचा. पण काम करता करता बाईने बोलावं आणि ते कुणीतरी टिपून ठेवावं, हे बीड जिल्ह्याने त्याआधीच पाहिलंय. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरात बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या कितीतरी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभा केलेला हा ओव्यांचा संग्रह लाखाच्या वर गेला. ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ओव्या आज ऐकताही येतात.

हे आठवायचं कारण, घरून काम करणाऱ्या आया आता स्वतःचा पॉडकास्ट सुरू करू पाहताहेत. आमच्या ओळखीतली एक जण लेकरू निजलं की कपाटाचं दार उघडते, डोक्यावरून गोधडी घेते आणि मोबाइल ‘एअरप्लेन मोड’वर टाकून बोलायला लागते. गोधडीने आवाज घुमत नाही, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मागच्या खेपेला नेमकी शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. तिने ती तशीच ठेवली. बरं केलं!

महागडा माइक आधी घेऊ नये, असं आमचं मत. आधी दहा भाग बोलून बघा, तेही घरात बोलता त्याच बोलीत. पुस्तकी मराठी वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत.

जात्यावर बसलेल्या बाईला ऐकायला कोण होतं? पलीकडची जोडीदारीण, तेवढीच. पहिल्या भागाला श्रोते अकरा आले म्हणून आमची ही गोधडीवाली हिरमुसली, तेव्हा आम्ही तिला माजलगावच्या ओव्या लावून दिल्या. ऐकता ऐकता तिने लेकराला मांडीवर घेतलं आणि विचारलं, “हे रेकॉर्ड करताना पोरं कुठं ठेवली असतील?”